भावानं घेतलेली हमी

मागच्या गाळप हंगामातली गोष्ट. भवानीनगरकडच्या एक मावशी दर महिन्याला बीपीच्या गोळ्या घ्यायला आमच्या ओपीडीत येतात. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्या दिवशी गोळ्या मिळाल्या तरी त्या उठल्या नाहीत. गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिल्या आणि मग पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मनोरुग्णालयाकडून आलेलं पत्र होतं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं आजाराच्या भरात वडिलांचा, म्हणजे मावशींच्या नवऱ्याचा, जीव घेतला होता. कृत्य त्यानंच केलं, पण त्या वेळी आपण काय करतोय हे समजण्याच्या अवस्थेत तो नव्हता, म्हणून तो दोषी ठरत नाही, असा निकाल न्यायालयानं दिला. तेव्हापासून तो मनोरुग्णालयात आहे. आता औषधांनी त्याची तब्येत स्थिर आहे आणि कोणी नातेवाईक हमी घ्यायला तयार असेल तर त्याला घरी पाठवण्याचा विचार करता येईल, असं पत्रात होतं.

भाऊबंदांनी आधीच हात वर केले होते. मावशींना दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, त्याला घरी आणू का नको? आणि दुसरी, जरा आवाज खाली करून: बापाचा जीव घेणारा आजारी म्हणून सुटतो, याला न्याय म्हणायचं का?

मी फिजिशियन, मनोविकारतज्ज्ञ नाही. मी त्यांना आमच्या मनोविकार विभागातल्या सहकाऱ्यांकडे घेऊन गेलो. पण ते दोन प्रश्न माझ्या डोक्यातून जाईनात. त्या रात्री मला आठवली ती कॉलेजच्या दिवसांत हाती आलेल्या एका पुस्तकाची लेखिका. शेक्सपिअरची नाटकं सोप्या गोष्टींच्या रूपात सांगणारं ‘टेल्स फ्रॉम शेक्सपिअर’ तुमच्यापैकी अनेकांनी शाळा-कॉलेजात वाचलं असेल. चार्ल्स आणि मेरी लॅम या भावाबहिणीनं ते लिहिलं. त्यातल्या वीसपैकी चौदा गोष्टी मेरीच्या आहेत. या मेरीच्या हातून तिच्या सख्ख्या आईचा मृत्यू झाला होता. त्यानंतर ती पन्नास वर्षं जगली. आज तिची गोष्ट सांगायची आहे.

वकिलांच्या वस्तीतलं घर

मेरीचा जन्म ३ डिसेंबर १७६४ चा, लंडनच्या टेम्पल या वकिलांच्या वस्तीतला. वडील जॉन लॅम हे सॅम्युअल सॉल्ट नावाच्या बॅरिस्टरांकडे कारकून आणि घरचा माणूस अशा दोन्ही नात्यांनी नोकरीला होते. सात मुलांपैकी तीनच जगली. थोरला जॉन, मधली मेरी आणि तिच्याहून दहा वर्षांनी लहान चार्ल्स. मुलीच्या शिक्षणावर खर्च करण्याचा तो काळ नव्हता, पण सॉल्टसाहेबांचा ग्रंथसंग्रह मोठा होता आणि मेरीला तिथे मुक्तद्वार होतं. तिचं खरं शिक्षण तिथेच झालं. धाकट्या चार्ल्सला वाचनाची गोडी तिनंच लावली. आईचा जीव थोरल्या मुलावर होता. चार्ल्सचं आईपण मेरीनं केलं.

१७९२ मध्ये सॉल्ट वारले आणि नोकरीबरोबर मिळालेलं राहतं घरही गेलं. चार्ल्स त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटला. पुढे ज्या कंपनीनं आपली पेशवाई बुडवली, तिच्याच हिशेबाच्या वह्या तो पुढची तेहतीस वर्षं लिहीत होता.

१७९६ पर्यंत या घराची जी अवस्था झाली होती, ती आपल्या ओपीडीत रोज दिसते. वडिलांना विस्मरणाचा आजार जडलेला. आई अंथरुणाला खिळलेली. एक म्हातारी आत्या. थोरला भाऊ वेगळा राहणारा. चार्ल्सचा पगार अपुरा, म्हणून मेरी घरी शिवणकाम घ्यायची आणि एका शिकाऊ मुलीला हाताशी धरून दिवसभर कपडे शिवायची. रात्री आईच्या शेजारी झोपून तिचं सगळं करायची. म्हणजे धड झोप नाही, विसावा नाही आणि मोकळं बोलायला कोणी नाही.

त्यात या घरात आजाराची रेषही होती. आदल्या हिवाळ्यात खुद्द चार्ल्सला सहा आठवडे मनोरुग्णालयात काढावे लागले होते. मेरीचंही मन पूर्वी एकदा कामाच्या ताणानं बिघडलं होतं, असं त्या वेळच्या वर्तमानपत्रानं लिहिलं आहे.

२२ सप्टेंबर १७९६

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मेरीच्या वागण्यात फरक दिसू लागला. बुधवारी तो वाढला. गुरुवारी, २२ तारखेला सकाळी, चार्ल्स डॉ. पिटकेर्न यांना बोलवायला गेला. डॉक्टर घरी नव्हते. ही एवढीशी गोष्ट डॉक्टर म्हणून मला चटका लावून जाते. घरच्यांनी लक्षणं ओळखली होती, मदतीसाठी पावलंही उचलली होती. मदत वेळेवर मिळाली नाही.

त्याच दिवशी दुपारी जेवणाची तयारी चालू असताना मेरीनं टेबलावरची सुरी उचलली आणि त्या शिकाऊ मुलीच्या अंगावर ती धावून गेली. आईनं खुर्चीतून ओरडून तिला आवरायचा प्रयत्न केला. मेरी आईकडे वळली. घाव वर्मी लागला. फेकलेल्या एका काट्यानं वडिलांच्याही कपाळाला जखम झाली. चार्ल्सनं तिच्या हातातून सुरी काढून घेतली तेव्हा सगळं संपलं होतं. तेव्हा मेरी एकतीस वर्षांची होती आणि चार्ल्स एकवीस.

दुसऱ्या दिवशी कोरोनरपुढे चौकशी झाली. आपल्या मुंबईतही पूर्वी अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणारा असा कोरोनर असे. शेजारीपाजारी आणि घरच्यांच्या जबान्या ऐकून पंचांनी निष्कर्ष काढला की हे कृत्य वेडाच्या भरात घडलं. मेरीवर खुनाचा खटला चालला नाही. तिला एका खासगी मनोरुग्णालयात ठेवण्यात आलं.

काही दिवसांतच तिचं मन थाऱ्यावर आलं आणि काय घडलं याची तिला पूर्ण जाणीव झाली. अशा रुग्णांच्या बाबतीत हा टप्पा सर्वांत धोक्याचा असतो. पश्चात्तापानं माणूस स्वतःचाच जीव घेऊ शकतो. मेरी सावरली. आई आपल्यावर रागावलेली नाही, असं तिला मनापासून वाटत असे आणि त्या विश्वासानं तिला आयुष्यभर आधार दिला.

आणायचं की नाही?

आता मावशींपुढचा प्रश्न लॅम कुटुंबापुढे उभा राहिला. थोरल्या जॉनचं मत होतं की मेरीला कायमचं वेड्यांच्या सरकारी इस्पितळात ठेवावं. जॉनला दोष देता येत नाही. आपल्याकडेही दहांतले नऊ भाऊ हेच म्हणतील. एकवीस वर्षांच्या चार्ल्सनं नकार दिला. बहिणीची जबाबदारी आपण आयुष्यभर घेऊ, असं त्यानं लेखी-तोंडी जे द्यावं लागलं ते देऊन संबंधितांना सांगितलं आणि त्या भरवशावर मेरी बंदिवासातून बाहेर आली.

पण त्यानं तिला लगेच घरी आणलं नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. आधी काही महिने ती मनोरुग्णालयात राहिली. १७९७ च्या वसंतात चार्ल्सनं हॅकनी भागात तिच्यासाठी वेगळी खोली घेतली. तिथे तो रविवारी, सुट्टीच्या दिवशी जाऊन तिच्याबरोबर राहायचा. ज्या वडिलांच्या डोळ्यांदेखत हे घडलं, ज्यांच्या कपाळावर जखम झाली, ते अजून घरी होते. १७९९ मध्ये वडील वारले, त्यानंतरच मेरी भावाच्या घरात राहायला आली. म्हणजे घटनेनंतर जवळजवळ अडीच वर्षांनी.

त्यानंतर ती दोघं पस्तीस वर्षं एकत्र राहिली. हे सोपं नव्हतं. शेजाऱ्यांत कुजबुज व्हायची, बिऱ्हाड बदलावं लागायचं. आजारही पूर्ण गेला नाही. जवळजवळ दरवर्षी एखादा झटका यायचा आणि काही आठवडे, कधी काही महिने टिकायचा. प्रवास, पाहुण्यांची वर्दळ, जवळच्यांचा मृत्यू, झोपमोड, यांतलं काही झालं की धोका वाढायचा. चरित्रकारांच्या मते हा बहुधा बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार असावा. दोनशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचं पक्कं निदान आज कोणी करू नये, पण वर्णन त्याच्याशी जुळतं.

या भावाबहिणीनं कोणतंही औषध नसताना जे केलं, ते आजच्या मनोविकारशास्त्राला मान्य होईल असंच होतं. झटका येण्याआधीच्या खुणा दोघांनी पाठ केल्या होत्या. झोप उडाली, बोलणं भरभर सुरू झालं, चिडचिड वाढली, की मेरी स्वतःच सांगायची. मग दोघं चालत मनोरुग्णालयाची वाट धरायची. त्यांना हातात हात घालून, डोळे पुसत शेतातल्या वाटेनं जाताना पाहिल्याची आठवण त्यांच्या एका स्नेह्यानं सांगून ठेवली आहे. प्रवासाला निघताना हात बांधून ठेवायचं जाड कापडाचं जॅकेट मेरी स्वतः सामानात भरायची, अशीही आठवण आहे. बरी झाली की चार्ल्स तिला घरी घेऊन यायचा. १७९६ नंतर तिच्या हातून पुन्हा कोणाचाही जीव गेला नाही.

आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात ती काय करत होती? १८०७ मध्ये ‘टेल्स फ्रॉम शेक्सपिअर’ प्रसिद्ध झालं. शोकांतिका चार्ल्सनं लिहिल्या, सुखांतिका आणि इतर नाटकं मेरीनं. मुखपृष्ठावर मात्र पहिल्या आवृत्तीत एकट्या चार्ल्सचं नाव होतं. पाठोपाठ मुलींच्या शाळेवरच्या गोष्टींचं पुस्तक आलं, त्यातल्या दहापैकी सात गोष्टी तिच्या. १८१५ मध्ये तिनं टोपणनावानं शिवणकामावर एक लेख लिहिला. हौसेनं शिवणकाम करणाऱ्या सुखवस्तू बायका पोटासाठी शिवणाऱ्या बायकांचं काम हिरावून घेतात, असा त्याचा मुद्दा होता. पोटासाठी शिवणं म्हणजे काय, हे तिच्याएवढं कोणाला माहीत असणार? कवी वर्ड्‌स्वर्थ, कोलरिज, निबंधकार हॅझलिट यांची तिच्या घरी बैठक जमायची. शहाणी, मोजकं बोलणारी, दुसऱ्याचं ऐकून घेणारी बाई, असंच तिचं वर्णन हे सगळे करतात. पुढे दोघांनी एमा इसोला या अनाथ मुलीला आपल्या घरी वाढवलं आणि तिचं लग्न लावून दिलं.

चार्ल्सनं किंमत मोजली. तो अविवाहित राहिला. १८१९ मध्ये एका अभिनेत्रीला त्यानं मागणी घातली, तिनं नाही म्हटलं. दारूचा आधारही तो घेत असे. २७ डिसेंबर १८३४ रोजी, रस्त्यात पडून झालेली जखम चिघळल्यानं तो वारला. मेरी त्यानंतर बारा वर्षांहून अधिक जगली. मित्रांनी तिची सोय लावली, देखभालीला परिचारिका होत्या. २० मे १८४७ रोजी, ८२ व्या वर्षी तिचं निधन झालं. एडमंटनच्या चर्चच्या आवारात तिला भावाशेजारी पुरलं आहे. जवळच्या मित्रांनी तिचं गुपित तोवर राखलं होतं. सर्वसामान्य वाचकांना या घटनेची पूर्ण माहिती तिच्या मृत्यूनंतर, १८४८ मध्ये टॅलफर्ड यांच्या पुस्तकातून झाली.

कायदा मेरीनंतर कुठे गेला?

मेरीला चौकशीनंतर भावाच्या हमीवर बाहेर येता आलं, याला काळाचाही हातभार होता. १८०० मध्ये जेम्स हॅडफील्ड नावाच्या सैनिकानं लंडनच्या नाट्यगृहात राजा तिसऱ्या जॉर्जवर गोळी झाडली. त्याच्या डोक्याला लढाईत जबर जखमा झाल्या होत्या. तो वेडाच्या कारणावरून सुटला, तेव्हा अशा माणसाला ताब्यात ठेवायला कायदाच नाही हे इंग्लंडच्या संसदेच्या लक्षात आलं. घाईनं कायदा झाला आणि खटल्यात अशा कारणानं सुटलेल्या आरोपीला राजाची मर्जी असेपर्यंत डांबून ठेवणं सक्तीचं झालं. मेरीच्या हातून आई गेली त्यानंतर चार वर्षांची ही गोष्ट. १८४३ मध्ये रिचर्ड डॅड या चित्रकारानं संशयाच्या भ्रमातून वडिलांना मारलं. तो १८८६ मध्ये मरेपर्यंत चाळीसहून अधिक वर्षं बंदिस्त मनोरुग्णालयांतच राहिला.

त्याच १८४३ मध्ये डॅनियल मॅक्‌नॉटन यानं पंतप्रधानांना मारायला जाऊन त्यांच्या खासगी सचिवाला मारलं. सारे आपल्या मागावर आहेत, या भ्रमानं तो पछाडलेला होता. तो निर्दोष सुटल्यावर मोठा गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी वेडाच्या बचावाची कसोटी घालून दिली. मेरी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तीच कसोटी थोड्या फरकानं १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८४ म्हणून आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम २२ आहे. गाभा तोच आहे. कृत्य करताना मनोविकलतेमुळे आपण काय करतोय हे कळत नसेल, किंवा ते चुकीचं अथवा बेकायदा आहे हे कळत नसेल, तर तो गुन्हा ठरत नाही.

इथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला, मानसिक आजाराचा कागद दाखवला की माणूस सुटतो. तसं होत नाही. आजार असणं आणि त्या क्षणी समज हरपलेली असणं या न्यायालयाच्या दृष्टीनं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण जमिनीच्या वादातून थंड डोक्यानं कोणाला मारू शकतो आणि तो गुन्हाच असतो. राग अनावर झाला हाही बचाव होत नाही. स्वतःहून दारू पिऊन शुद्ध हरपली, तर तोही नाही. प्रत्येक माणूस शहाणा आहे असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते, मात्र दिवाणी दाव्यात लागतो तेवढा, म्हणजे तसं असण्याची शक्यता जास्त आहे असं पटवणारा, पुरावा त्याला पुरतो. सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्ये, पत्नीच्या हत्येच्याच एका खटल्यात, हे स्पष्ट केलं. त्या खटल्यात आरोपीचा बचाव मान्य झाला नाही.

मान्य झालेला खटला आपल्या महाराष्ट्रातला आहे. १९९४ च्या एप्रिलमध्ये एका पोलीस शिपायानं सकाळी घरात कपडे धूत असलेल्या पत्नीच्या डोक्यात दगड घातला. सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये त्याला निर्दोष ठरवलं. का? त्याच्या वडिलांना मानसिक आजार होता. त्याच्यावर १९९२ पासून उपचार चालू होते आणि संशयाचे भ्रम असणाऱ्या स्किझोफ्रेनियाचं निदान झालं होतं. घटनेनंतर जूनअखेरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत त्याला पंचवीस वेळा उपचारासाठी न्यावं लागलं. मारण्यासाठी म्हणावं असं सबळ कारण नव्हतं. आणि दिवसाढवळ्या हे करून तो पळाला नाही, लपला नाही. या सगळ्याचा एकत्र विचार करून न्यायालय त्या निष्कर्षाला आलं. यातल्या वैद्यकीय बाजूचा आधार होता जुन्या कागदपत्रांचा. म्हणून मी नातेवाइकांना नेहमी सांगतो, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या फेकू नका. लग्न जमताना अडचण नको म्हणून अनेक घरांत हे कागद जाळले जातात. मग उपचार करताना डॉक्टर अंधारात आणि न्याय करताना न्यायाधीशही अंधारात.

दुसरा गैरसमज, सुटला म्हणजे मोकळा झाला. निर्दोष ठरवतानाही कृत्य त्यानंच केलं का, हे न्यायालय स्पष्ट नोंदवतं. नंतर त्याला सुरक्षित ताब्यात ठेवलं जातं, बहुतेक वेळा मनोरुग्णालयात. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या स्वाधीन करायचं असेल, तर तो रुग्णाची नीट काळजी घेईल, त्याला स्वतःला वा इतरांना इजा करू देणार नाही आणि सांगितलेल्या वेळी तपासणीला हजर करेल, अशी हमी द्यावी लागते. दोनशे वर्षांपूर्वी चार्ल्सनं जे अंगावर घेतलं, तेच आपला कायदा आज मावशींकडून मागत होता.

डॉक्टर घरी नव्हते, त्या सकाळसाठी

मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कधीच कोणावर हात उचलत नाहीत. उलट तीच इतरांच्या माराला, फसवणुकीला बळी पडतात. धोका वाढतो तो उपचार न झालेल्या किंवा मध्येच सोडलेल्या तीव्र आजारात, विशेषतः संशय बळावला असेल आणि जोडीला दारू किंवा गांजा असेल तेव्हा. अशा वेळी घाव बसतो तो घरच्या माणसाला, कारण तेच जवळ असतं आणि जेवण-औषध तेच पुढे करत असतं.

म्हणून काही लक्षणं दिसली तर वाट पाहू नये. सलग दोन-तीन रात्री झोप नाही. घरच्याच माणसावर विषप्रयोगाचा, करणीचा संशय आणि म्हणून घरचं जेवण नको. मारायला सांगणारे आवाज ऐकू येणं. एका ठरावीक माणसाबद्दल धमकीचं बोलणं, उशाशी हत्यार ठेवणं. आपल्या उसाच्या पट्ट्यात घरोघरी कोयता असतो. घरात असा रुग्ण असेल तर कोयता, विळा आणि कीटकनाशकं कुलपात हवीत. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आई झोपत नाही, बाळाबद्दल विचित्र बोलते, हे बाळ माझं नाही किंवा त्याच्यात काही शिरलंय असं म्हणते, तर ती तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. बाळाला दुसऱ्याच्या हाती देऊन आईला त्याच दिवशी रुग्णालयात न्या. देवऋषीकडे न्यायचंच असेल तर ते रुग्णालयानंतर.

१७९६ मध्ये चार्ल्स डॉक्टरांच्या दारावरून परत आला. आज दुसरी दारं आहेत. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाला ताब्यात घेऊन सरकारी आरोग्यसंस्थेत पोहोचवणं, हे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं पोलिसांचं कर्तव्य ठरवलं आहे. मेरीच्या नशिबी नव्हती ती औषधंही आज आहेत. लिथियम १९४९ पासून, स्किझोफ्रेनियावरची पहिली औषधं १९५० च्या दशकापासून. रोज गोळी घेण्याची कटकट होत असेल तर काही आठवड्यांतून एकदा द्यायची इंजेक्शनं आहेत.

मावशींचे दोन प्रश्न राहिले. न्यायाबद्दल मी त्यांना एवढंच सांगितलं की शिक्षा असते ती माणसानं केलेल्या निवडीला. त्या रात्री तुमच्या मुलाच्या डोक्यात निवड करणारा माणूस जागेवर होता की नव्हता, हे न्यायालयानं तपासलं आणि नव्हता असं ठरवलं. त्यानं गेलेला माणूस परत येत नाही आणि तुमचं दुःख कमी होत नाही. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

घरी आणायचं की नाही, याचं उत्तर मी दिलं नाही. ते देण्याचा अधिकार मला नाही. त्या एकाच वेळी रुग्णाची आई आहेत आणि गेलेल्या माणसाची बायकोही. मेरीची गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली, भावानं अडीच वर्षं थांबून, भेटत राहून, मग तिला घरात घेतलं इथपर्यंत. हमी म्हणजे लगेच घराचं दार उघडणं नव्हे, मधल्या पायऱ्याही असतात, हे माझ्या सहकाऱ्यांनी त्यांना समजावलं. मनोरुग्णालय आणि घर यांच्यामध्ये राहण्याच्या सोयी असाव्यात, असं २०१७ च्या कायद्यातही म्हटलं आहे. त्या पुरेशा असाव्यात, हे बघणं तुमचं-आमचं आणि सरकारचं काम आहे. नाहीतर सगळा भार एका म्हातारीच्या सहीवर पडतो.

पुढच्या महिन्यात मावशी बीपीच्या गोळ्यांना आल्या. सही अजून केलेली नव्हती. पण घटनेनंतर पहिल्यांदाच त्या येरवड्याला जाऊन मुलाला भेटून आल्या होत्या. त्याच्या औषधांची चिठ्ठी त्यांनी उतरवून आणली होती. यातली औषधं आपल्या रुग्णालयात मिळतील का आणि इंजेक्शन इथे कोण देईल, हे त्यांना विचारायचं होतं.